मेलेल्या आत्याचं नाव

गणपती तोंडावर आले की आमच्या भागात दोन कामं एकदम सुरू होतात. मंडपाच्या बांबूंना काथ्या आवळला जातो आणि पुलाखालचे पारधी उचलले जातात. पहिलं काम मंडळाची पोरं करतात, दुसरं पोलीस. दोन्हींची कुणाला नवलाई नाही. लालबागच्या गर्दीत सोनसाखळ्या जातात हे खरं, आणि साखळी गेली की कुणीतरी आत असायला लागतं हेही खरं. ते 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे इंग्रजांनी कायदा करून ठरवून ठेवलं होतं. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार, असा सरळ कायदा. तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी रद्द झाला. सुंभ जळला, पीळ तसाच आहे.

मी वकील आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. वडील पोलिसात शिपाई होते. आमच्या बौद्ध घरात खाकी पहिल्यांदा आली ती वडिलांच्या अंगावर. त्याआधी ती नेहमी समोरूनच यायची. आई तिला इस्त्री करायची तेव्हा आम्हा भावंडांना जवळ फिरकायची परवानगी नसे. त्यामुळे मला पोलिसांचा राग येतो तो घरातल्या माणसाचा यावा तसा येतो. जास्त येतो आणि पटकन संपत नाही.

आता चाळ पाडली, आम्ही टॉवरमध्ये आलो. आई खिडकीतून खाली बघते आणि दरवर्षी मला बजावते, "पारधी आलेत म्हणे. गळ्यातलं काढून ठेव."

"आई, आपल्याबद्दलपण लोक असंच बोलायचे ना?"

"बोलायचे. पण आपण चोरत नव्हतो."

"मग ते चोरतात?"

"ते मला काय माहीत?" असं म्हणून आई टीव्हीचा आवाज वाढवते. तिला काही माहीत नसतं आणि तरी गळ्यातलं काढायचंच असतं. अख्खं शहर आईसारखंच वागतं, म्हणून एकट्या पोलिसांना झोडपणं मला कधी जमलं नाही.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी नेमकं याच दिवसांत मला पोलिसांच्या एका प्रशिक्षणात बोलायला बोलावलं होतं. विषय लांबलचक होता: अल्पसंख्य आणि विमुक्त समाजांशी पोलिसांचं वर्तन आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांची मानकं. 'मानक' म्हटलं की मला हेल्मेटवरचा शिक्का आठवतो. शिक्का असतो, हेल्मेट हँडलला लटकत असतं. समोर बसलेले बरेचसे शिपाई बंदोबस्ताहून थेट आले होते. एक जण डोळे उघडे ठेवून झोपला होता, ही कला फक्त पोलिसांनाच येते. मी त्याला उठवलं नाही. माझे वडील असेच झोपायचे.

मी म्हटलं, "बाकीचं सगळं विसरा, एक गोष्ट धरून ठेवा. जगभर मान्य झालेली, आपल्याही कायद्यात असलेली. माणसाला धरलं की त्याच्या घरच्याला कळवायचं. तेवढ्यानं निम्मे अत्याचार थांबतात, कारण कुणीतरी बाहेर विचारणारं उभं राहतं."

मागून एक पिकल्या मिशांचे हवालदार उठले. "मॅडम, पारध्याच्या घरी कळवायचं म्हणजे कुठे? पूल, तिसरा खांब?"

सगळे हसले. हसू मलाही आलं आणि हसू आल्याचा राग आला. मी म्हटलं, "हो. तिसरा खांब. चालत जायचं आणि सांगायचं. तोच पत्ता आहे त्यांचा."

हसू थांबलं. हवालदार मात्र बसले नाहीत. "जायचं तर जातो ओ. पण आम्ही पोचेस्तोवर तिकडे कोणी राहतच नाय," ते म्हणाले. मला ती पळवाट वाटली. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले, टाळ्या झाल्या, चहा झाला, एक शाल मिळाली.

दुपारी कोर्टात पोचले तर चहावाला जिन्यात वाट बघत होता. "मॅडम, रस्त्यापलीकडे देवळाच्या भिंतीला एक बाई उभी आहे. आत ये म्हटलं तर येत नाय. तुमचंच नाव घेते."

ती कोण ते मला लांबूनच कळलं. दादरला पुलाखाली एक पारधी कुटुंब राहायचं. त्यातली धाकटी सून शनिवारी दुकानादुकानात लिंबू-मिरच्या बांधायची आणि एरवी गजरे विकायची. आम्हा बौद्धांच्या घरात लिंबू-मिरची लागत नाही, हे तिला मी सांगितलं होतं. तेव्हापासून मी दिसले की ती ओरडायची, "ताई, तुमाला न्हाई लागत ठावं हाय, पर उलिसं बसा तरी!" मी बसायचे. तिच्या बाळंतपणात दवाखान्यातल्या कागदांसाठी मी दोन खेपा घातल्या होत्या. मुलगा झाला. त्याचं नाव तिनं एका सरकारी हुद्द्यावरून ठेवलं. नाव लिहीत नाही, पण हुद्दा चांगला मोठा आहे. म्हणाली, "ह्याला सायेब लोक सलाम मारतील." आत्ता भिंतीशी उभी होती ती तिची नणंद, आणि झोळीत तो मोठा हुद्देदार.

"वैनीला नेलं," ती म्हणाली.

"कधी?"

"परवा. दिस मावळताना."

"आणि मला आज सांगतेस?"

"वाट बघितली. कदीकदी सोडत्यात की."

"तुझा भाऊ कुठाय?"

"गेला."

गेला म्हणजे मुंबई सोडून गेला. त्यांच्यातले सगळे पुरुष त्याच संध्याकाळी निघून गेले होते. मी चिडले. बायको आत आणि हा पळाला? नणंदेनं मला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. एकाला धरलं की जो विचारायला जातो, त्यालाही आत बसवतात. मग त्याची चौकशी करायला जाणाऱ्यालाही. म्हणून त्यांच्यात रीतच आहे: आपलं माणूस धरलं की बाकीच्यांनी जागा सोडायची, आणि धरलेल्यानं आपल्याला कोणी नाही असं सांगायचं. सकाळी त्या हवालदारांनी मला खरं तेच सांगितलं होतं. घरच्याला कळवा, असं जगानं ठरवलं. इथे ज्या घरच्याला कळतं त्याचा नंबर पुढचा असतो.

मुलाला मी हात लावला. पाय गरम होते. नुकतंच बसायला लागलेलं मूल, अंगावर पिणारं. बाटली त्यानं तोंडात धरली नव्हती, वाटीतलं दूध उलटून टाकलं होतं. नणंद साखरपाणी बोटानं चाटवत होती, आणि तेही राहत नव्हतं. त्याच्या रडण्यात जोर उरला नव्हता. मी त्याला दवाखान्यात घेऊन जाऊ म्हटलं तर ती झोळी आवळून मागे सरकली. "आईचा कागद मागत्यात," म्हणाली. त्याला आई हवी होती आणि ती लवकर हवी होती. एवढीच गोष्ट होती.

मी पोलीस ठाण्यात गेले. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण एकाचं लिहिलं की बाकीच्यांना वाटतं आपण सुटलो. 'पोलिसाची मुलगी' म्हटलं की अजून खुर्ची मिळते, ती मिळाली. तरुण फौजदार होता, बोलायला नीट. मी बाईचं नाव सांगितलं. त्यानं वही माझ्याकडे फिरवली. "बघा मॅडम. या नावाची बाई आमच्याकडे नाय."

खोटं बोलणारा माणूस वही फिरवत नाही. वहीत बायका होत्या, त्यातली एक पारधी होती, पण नाव दुसरंच. नावाखाली 'सराईत' असं लिहिलेलं. नातेवाईक: कोणी नाही. मूलबाळ: नाही. हिला ठाण्यात आणलंच नसेल तर नेलं कुठे?

परत देवळाशी येऊन नणंदेला विचारलं तेव्हा तिला माझी कीव आली. "ताई, खरं नाव कोन सांगतंय व्हय?"

"मग काय सांगितलं असेल?"

"आत्याचं. आमी समद्या आत्याचंच सांगतो. ती मरून लई वर्सं झाली. मेलेल्याला कोन काय करनार?"

त्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांना मेलेल्या आत्याचं नाव सांगत होत्या. आपलं नाव एकदा कागदावर चढलं की जन्माचं चिकटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. मेलेल्या बाईला काय चिकटणार? हिशेब चुकीचा नव्हता, फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. ज्या कुठल्या जत्रेत, स्टेशनात, बाजारात त्यांच्यातली कोणी धरली गेली, ते सगळं त्या एका नावावर जमा झालं होतं. आत्या मेल्यानंतर जिवंतपणीपेक्षा जास्त फिरली होती. आणि आता तिचा सगळा गुन्हेगारी संसार या गजरेवाल्या पोरीच्या डोक्यावर आला होता. आधी मला हसू आलं. मग वहीतला 'सराईत' शब्द आठवला. सराईत बाईला जामीन सहजासहजी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला साखळीचोरीच्या आरोपाखाली कोर्टात आणलं. उचललं कधीचं, अटक दाखवली आदल्या संध्याकाळची. हे इतकं रोजचं आहे की त्यावर भांडताना माझा आवाजही चढत नाही, याचीच मला लाज वाटते. सुनावणीआधी जिन्याजवळ तिला गाठलं. बाजूला महिला शिपाई मोबाइल बघत उभी होती. पोरीनं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. ओठावर मारल्याची खूण होती.

मी हळूच म्हटलं, "बाळ पलीकडे आहे, देवळाशी. त्याला बरं नाही. अंगावर पिणारं मूल आहे हे मी सांगते, लगेच सोडतील."

"मला मूल न्हाई."

"अगं, मी आहे. मला काय सांगतेस?"

तिनं शिपाई बाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे बघत पुटपुटली. तिच्या थोरल्या बहिणीनं एकदा खरं सांगितलं होतं. साहेबानं चांगल्या मनानं विचारलं, तिनं चांगल्या मनानं सांगितलं, की लहान पोरगी आहे, पुलाखाली सासूपाशी. साहेबाला दया आली. पोरीला पुलाखालून उचलून संस्थेत पाठवलं, तिचं भलं व्हावं म्हणून. आईला सोडलं, तेव्हा पोरीला परत न्यायला घराचा पुरावा मागितला. "आता मोटी झालीय म्हनं. बहीन बघाया गेली तर वळखलं न्हाई तिला." मग वर बघून म्हणाली, "तुमी बी सांगू नगा, ताई. तुमाला पोराची आन हाय."

मी इतकी वर्षं मुलांच्या हक्कांवर बोलत आले. मुलाचं हित सर्वांत आधी, हे वाक्य मला झोपेत पाठ आहे. त्या जिन्यात मला कळेना की ते हित नक्की कुठल्या बाजूला आहे. सांगितलं तर मूल सरकारच्या ताब्यात जाऊ शकतं. नाही सांगितलं तर आई तुरुंगात जाते आणि मूल साखरपाण्यावर. मला तिचा राग आला, देशाचा आला, मला मिळालेल्या शालीचाही आला. पण अशील सांगेल त्यापलीकडे बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मी न सांगायचं ठरवलं.

न्यायाधीश बाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. सरकारी वकिलांनी आत्याची सगळी कीर्ती वाचून दाखवली. बाई सराईत आहे, घर नाही, माणूस नाही, सोडली तर सापडणार नाही.

मी म्हटलं, "मॅडम, या रेकॉर्डवरची बाई आज साठीची तरी असायला हवी. आरोपीकडे एकदा बघा."

न्यायाधीशांनी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. विशीतली पोर, काडीसारखी. तपास करणारा फौजदार कागद चाळायला लागला.

"मग ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

मी तिच्याकडे वळले. "नाव सांग. तुझं स्वतःचं."

तिला किती वेळ लागला! त्या घरातल्या कुणी बाईनं आजवर सरकारपुढे आपलं नाव उच्चारलं नसेल. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा विचारल्यावर तिनं सांगितलं, इतक्या हळू की लेखनिकाला ते मला परत सांगावं लागलं. मला वाटलं, सुटलो.

मग न्यायाधीशांनी, खरोखर चांगल्या मनानंच, विचारलं, "घरी कोण आहे? लहान मूल वगैरे?"

"न्हाई."

आणि बाहेरून मूल रडलं. नणंदेला राहवलं नसणार. उभ्या जन्मात ती बाई कोर्टाच्या फाटकातून आत आली नव्हती, ती जिना चढून दाराशी आली होती. ते रडणं बारीक होतं, पण कोर्टात त्या क्षणी कोणी बोलत नव्हतं. पिंजऱ्यातली पोर हलली नाही. मान वळवली नाही. फक्त तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले. तिनं पदर ओढला, तोही भिजला.

महिला शिपाई बघत होती. सरकारी वकिलांनी मान खाली घातली. मी तर वर बघूच शकत नव्हते.

"कुणाचं मूल आहे ते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई, सायेब," ती म्हणाली. आवाज अजिबात कापला नाही.

न्यायाधीश बाईंनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना कायद्यानं पुढचं सगळं करावं लागलं असतं आणि ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी पेन उचललं. आधीचं रेकॉर्ड या आरोपीचं असल्याचं दिसत नाही, जातमुचलक्यावर सोडण्यात यावं. मी आयुष्यात बरेच मोठमोठे निकाल वाचले आहेत. न विचारलेल्या त्या एका प्रश्नाइतका न्याय मला त्यातल्या थोड्याच निकालांत दिसला.

कागद होईपर्यंत दुपार उतरली. नणंद जिन्याच्या कडेला झोळी धरून उभी. आता रडणंही थांबलं होतं, नुसता कण्हल्यासारखा आवाज येत होता. मी पोरीला म्हटलं, "घे, घे त्याला आधी." ती नणंदेच्या अंगावरून गेली. पोटच्या पोराच्या झोळीला तिचा हात घासला असेल, पण तिनं खाली पाहिलं नाही. फाटकाशी दोन शिपाई उभे होते. ती त्यांच्यासमोरून सरळ चालत रस्त्यावर आली. नणंद बरंच अंतर ठेवून मागे, ओळख नसल्यासारखी. मी दोघींच्या मध्ये.

आम्ही भोईवाड्याच्या आतल्या गल्लीत शिरलो. तिथे एका बंद दुकानाची पायरी होती, सावली होती, माणूस नव्हतं. पोर थांबली. मागे बघितलं, पोलीस नव्हते. नणंद येऊन पोचली. मूल पुन्हा रडायला लागलं होतं, त्याला वास लागला असणार. तिचं पोलकं पार चिंब झालं होतं. मी म्हटलं, "बस इथे. पाज त्याला. मी उभी राहते आडोशाला."

ती बसली नाही. हात झोळीकडे गेले नाहीत. माझ्या काळ्या कोटाकडे बघत राहिली.

"तुमी जावा आदी," ती म्हणाली.

"अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"जावा, ताई."

उर्मटपणा नव्हता त्यात. हात जोडले होते तिनं. मी तिच्या बाळंतपणात धावले होते, तिला सोडवून आणलं होतं, तिच्यासारखीच वेशीबाहेरच्या माणसांची नात होते. तरी तिच्या लेखी मीही सरकारच होते, आणि सरकारसमोर तिला मूल नव्हतं. मला त्याचं फार लागलं. अजूनही लागतं. भांडावंसं वाटलं, पण भांडत बसायला वेळ कुणाकडे होता?

मी निघाले. गल्ली लांब आणि सरळ होती. मूल रडत होतं. अर्ध्यात जाऊन मी वळून पाहिलं, तर ती तशीच उभी होती, माझ्याकडे बघत, हात रिकामे. मी दिसेनाशी होईस्तोवर ती त्याला घेणार नव्हती. मग मी पळायला लागले. पन्नाशीची बाई, काळ्या कोटात, कागदांची पिशवी छातीशी धरून, भर दुपारी भोईवाड्यातून, कोपऱ्यापर्यंत, जीव खाऊन पळाले.